घोंगडीचा मान

सोलापूर
१२ ऑक्टोबर १९९७

चि. रेणुका,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी द्यायचे असतात. पण तिथवर पोचेपर्यंत मी काहीतरी आठवत बसेन आणि ते राहून जातील, म्हणून आधीच देऊन टाकतो.

काल दसऱ्याचं सोनं द्यायला तुझी आजी आली होती. ही माझी धाकटी बहीण वच्छला, तिला आयुष्यात एक गोष्ट पोटात ठेवता आली नाही. उंबऱ्यातच म्हणाली, "दादा, रेणूला नोकरी लागली. कुठं, ते सांग बघू!" मी पुणं म्हटलं, मुंबई म्हटलं. ती म्हणाली, "तुझ्या कोहिनूरला." बाळे, आपट्याची पानं माझ्या हातातच राहिली.

कोहिनूर! बसवकल्याणकडच्या त्या गावाबाहेरच्या माळावर मेंढरं राखणाऱ्यांची वस्ती आहे. तिथं मी बावीस वर्षं चौथीपर्यंतची मराठी शाळा चालवली. पाटीवर ऊन पडायचं, पोरं एका सुरात कविता म्हणायची आणि लांबून घंटांचा नाद यायचा. अजूनही दुपारी डोळा लागला की मी त्या शाळेत असतो, आणि तुझा शिवप्रसादकाका हलवून उठवतो, "बाबा, चहा." चहा गारच झालेला असतो.

तुमची संस्था तुला तिथला समाज समजून घ्यायला पाठवते आहे म्हणे. त्याचं शास्त्र तुम्ही कॉलेजात शिकलात, मी ते माळावर शिकलो. त्यातली एकच खूण तुला सांगतो. वस्तीवर अनसाबाई आहे. मी रुजू झालो तेव्हा ती नवी सून होती. पहिल्याच दिवशी तिनं लिंबाखाली काळी घोंगडी अंथरली आणि म्हणाली, "बसा गुरुजी." ज्या दिवशी ती तुझ्यासाठी घोंगडी अंथरील, त्या दिवशी वस्तीनं तुला आपलं म्हटलं असं समज. मला हा मान बावीस वर्षं रोज मिळाला. एक दिवस चुकला नाही.

तिचा मुलगा उमाजी, त्यालाही भेट. माझा सगळ्यात काव्यवेडा विद्यार्थी तो. वर्ग चालू असताना खिडकीबाहेर टक लावून बसायचा. मी कधी रागावलो नाही, कवीची नजर अशीच दूर लागलेली असते. वस्तीच्या पोरांसाठी मी एक कविता रचली होती:

माळावरती मेंढरे शुभ्र
जणू उतरले खाली अभ्र

ती त्याला म्हणायला सांग. आणि मला सगळं लिही.

तुझा
आबा

बसवकल्याण
९ नोव्हेंबर १९९७

ती. आबांना नमस्कार.

घोंगडी मिळाली! पहिल्याच दिवशी! खरं सांगायचं तर जीप थांबायच्या आधीच ती अंथरलेली होती.

इथं बसवकल्याणला खोली घेतली आहे. वस्तीवर संस्थेच्या जीपनं जाते. लोकांशी ओळख कशी करायची, विश्वास कसा मिळवायचा, याची मी तीन दिवस उजळणी करून गेले होते. घोंगडीवर बसले, चहा आला. मी घसा खाकरून सुरुवात करणार, तेवढ्यात अनसाबाई म्हणाल्या, "नकाशा काढायचा व्हय, अक्का? रांगोळी तुमी आनलाव का आमी आनू?"

आबा, भूकंपानंतर या भागात इतक्या संस्था येऊन गेल्यात, की जमिनीवर गावाचा नकाशा काढणं हे इथल्या बायकांना हळदीकुंकवासारखं झालंय. माझी पिशवी उघडेपर्यंत घरं, देऊळ, शाळा, हापसा, सगळं काढून झालं होतं. मी "आता आपण..." म्हटलं की अनसाबाई पुढचं वाक्य पुरं करायच्या. शेवटी त्यांनी बायकांना उंचीप्रमाणे उभं केलं आणि मला म्हणाल्या, "तुमी मधी बसा, म्हंजी फोटो चांगला येतो."

आता कामाचं. संस्थेकडं एका बोअरचे आणि एका टाकीचे पैसे आहेत. वस्तीनं एकमतानं जागा ठरवायची, ती पाडव्याच्या आत. नाही ठरली तर टाकी दुसऱ्या गावाला जाणार. जागा चुकली तर दुसरी टाकी नाही. माझी नोकरीही तोपर्यंतचीच आहे, पुढची त्यावर अवलंबून. पण काळजी नको, जागा पहिल्याच दिवशी ठरली. रस्त्यालगत, देवळापुढं. बीदरचे आमचे प्रमुख अनिलकुमार सर खूश झाले. "इतकं सहकार्य करणारी वस्ती मी पाहिली नाही," म्हणाले.

उमाजी अण्णांनी तुमची कविता म्हटली, हातवाऱ्यांसकट. "गुरुजींला सांगा, इसरलो न्हाई," म्हणाले.

एक वाईट बातमी आहे. नकाशात मेंढरं कुठंच दिसली नाहीत, म्हणून विचारलं. अनसाबाई म्हणाल्या, "आता कुठली मेंढरं, अक्का! इकून टाकली. तरणी पोरं पुण्याला बांधकामावर गेली, आमी हिकडं मजुरीला." अहवालात तसं लिहिलंय.

तुमची
रेणुका

सोलापूर
१८ नोव्हेंबर १९९७

चि. रेणुका,

तुझं पत्र तीनदा वाचलं. घोंगडी पहिल्याच दिवशी मिळाली हे वाचून आनंद झाला. किंचित असूयाही वाटली, पण मलाही ती पहिल्याच दिवशी मिळाली होती हे आठवून बरं वाटलं. माणसं जिंकायचा गुण आपल्या घराण्यातच असावा.

पण मेंढरं गेली! ओसाड माळ डोळ्यांपुढं येतो. घंटा निमाल्या, संध्याकाळची सोनेरी धूळ निमाली. पोरं पुण्यात विटा वाहत असतील, आणि जिथं शुभ्र कळप उतरायचे तिथं आता नुसतं कुसळ डुलत असेल. मी चार ओळी लिहायला घेतल्या होत्या. दुसरीनंतर तिसरी सुचली नाही.

जागा देवळापुढची ठरली हे योग्यच. त्या लोकांच्या मनात देव आधी, तहान मग. हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं.

आबा

बसवकल्याण
१४ डिसेंबर १९९७

ती. आबा,

तुम्ही शोक करताय खरा, पण मला शंका येऊ लागलीय.

आधी घोंगडीचं ऐका. परवा मी बसले असताना बँकेचा माणूस आला. त्याला घोंगडी. डोस पाजणारी नर्स आली. घोंगडी. मग हप्त्यावर कुकर विकणारा आला, मोटारसायकलवरून, गॉगल लावून. त्यालाही घोंगडी, वर दोनदा चहा. कुकर कुणी घेतला नाही. मी सरकून त्याला जागा दिली आणि आम्ही दोघं मानानं बसलो.

मग मी देवळापुढचा हापसा मारून पाहिला. कोरडा. आधीच्या संस्थेनं तिथंच बोअर मारला होता, पाणी लागलं नाही. हापशाला निळा रंग मात्र झकास दिलाय. म्हटलं, "अनसाबाई, इथं पाणी नाही, मग टाकी इथंच कशाला?" त्या शांतपणे म्हणाल्या, "जीप तितवरच येती की."

आणि आबा, दिवस कलला की नाल्यापलीकडून बें बें ऐकू येतं. मी कान टवकारले. अनसाबाई म्हणाल्या, "वारं हाय, अक्का." वाऱ्याच्या पायवाटेवर लेंड्या पडतात, हे मला कॉलेजात शिकवलं नव्हतं.

विचारलं की सगळ्या गोड हसतात. "तुमी म्हनशिला तसं." मी काहीच म्हणत नाही, तरी मी म्हणेन तसंच सगळं होतंय. अशी टाकी बांधली तर फोटो उत्तम येतील आणि वस्ती तहानलेलीच राहील. काय करू?

रेणुका

सोलापूर
२२ डिसेंबर १९९७

चि. रेणुका,

संशय हा तरुणपणाचा रोग आहे. मनानं उघडी माणसं ती, बावीस वर्षांत माझ्यापासून काही लपवलं नाही. तू ऐकलास तो माळाचा स्मृतिस्वर असणार. काही जागांना आपले जुने आवाज सोडवत नाहीत. लेंड्यांचं मात्र काव्यात काही करता येत नाही, ते तुझं तू बघ.

घोंगडी सगळ्यांना मिळते म्हणतेस. मिळत असेल. अंथरण्यात फरक असतो. नीट बघ.

आबा

बसवकल्याण
२५ जानेवारी १९९८

ती. आबा,

सगळं बिघडलं.

संक्रांतीनंतर जीप गॅरेजात गेली, म्हणून मी कोहिनूरच्या स्टँडवरून न कळवता चालत वस्तीवर गेले. घरं बंद. लिंबाखाली घोंगडी नाही. बें बेंच्या दिशेनं निघाले, नाला उतरले, पलीकडं चढले. तिथं काट्यांच्या कुंपणात विकून टाकलेली सगळी मेंढरं उभी होती. कळपच्या कळप. दोन खडूस कुत्री माझ्यावर धावून आली.

आत अनसाबाई गुडघ्यांवर बसल्या होत्या. एक मेंढी अडली होती. मला वाटलं, मला बघून ओशाळतील. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "उभी कामून ऱ्हायलीस? पाय धर तिचे. त्ये न्हाई, फुडचे! जोर न्हाई व्हय अंगात?"

मी धरले. पिल्लू बाहेर आलं, ते माझ्या मांडीत टाकलं. नवा ड्रेस गेला. हात धुवावे म्हटलं तर घागर हातात दिली, "पानी आन." आबा, पाणी दुसऱ्याच्या मळ्यातल्या विहिरीवर, नांगरटीतून चालत जायचं. बायका रोज मेंढरांसाठी तिथून घागरी वाहतात. मी आणली ती निम्मी सांडली. "सांडत आनलीस व्हय? मेंढरं काय तुझी वाट बघत बसत्याल का?" असं सगळ्यांपुढं! तोवर मी 'अक्का' होते, 'तुम्ही' होते. त्या दिवसापासून अगं-तुगं. निघताना वर दम दिला, "हापिसात ह्यातलं काय लिवायचं न्हाई."

त्यानंतर तीनदा गेले. एकदाही घोंगडी नाही. "या, बसा" नाही. मी दिसले की, "ह्ये पोर धर," "मिरच्या निवड," "ती भाकर उलथ, करपायलीय." चहा झालाय का, हेही आपलं आपण बघायचं. मी त्यांचं गुपित पाहिलं म्हणून त्या माझ्यावर चिडल्यात, हे उघड आहे. जागेचं काढलं की अनसाबाई म्हणतात, "बगू, आदी ह्ये उरकू दे." पाडवा दोन महिन्यांवर आलाय. त्या टाकीला नाही म्हणाल्या तर ती घागर जन्मभर त्यांच्या डोक्यावर राहणार, आणि त्याला कारण मी.

रेणुका

ता. क. तुम्हाला लिहावं की नाही कळत नव्हतं. मेंढरं काळी आहेत. एकजात काळी.

सोलापूर
२ फेब्रुवारी १९९८

चि. रेणुका,

धक्का बसला. मेंढरं आहेत याचा आनंद बाजूला राहिला. घोंगडी बंद होणं ही साधी गोष्ट नाही. माझ्या वेळी मला कुणी कधी काम सांगितलं नाही. घागर सोडच, पाण्याचा तांब्यासुद्धा उमाजी धावत आणून द्यायचा. तुला मिरच्या निवडायला लावतात म्हणजे मन फारच दुखावलेलं दिसतं.

आता असं कर. नारळ घे, खण घे, साखर घे. स्वच्छ साडी नेसून जा. कामाला हात लावू नकोस, तो आगाऊपणा वाटेल. उंबऱ्याबाहेर उभी राहा, नमस्कार कर, "काही चुकलं असेल तर क्षमा करा" म्हण. त्या लोकांना रीतभात फार कळते. मीही उमाजीला वेगळं पत्र टाकतो. माझा शब्द तो मोडणार नाही.

काळी म्हणतेस? उन्हात चरून रापली असतील.

आबा

कोहिनूर
२० फेब्रुवारी १९९८

तीर्थस्वरूप किशनराव गुरुजींचे चरणी उमाजीचा साष्टांग नमस्कार. इकडील सर्व क्षेम. आपले पत्र पावले.

गुरुजी, एवढंच शाळेत शिकीवल्यालं ध्यानात हाय, फुडं आमच्या बोलीत लिवतो, राग मानू नका.

तुमचं पत्र आईला वाचून दावलं. 'रेणुकेस क्षमा करून घोंगडीचा मान पुन्हा द्यावा' असं तुमी लिवलाव, त्ये ऐकून आई हसायली ती हसायलीच. मग म्हनली, "गुरुजींला इच्यार, घरच्या मानसाला कोन घोंगडी अंथरतंय?"

गुरुजी, घोंगडी पावन्याला असती. पावना घोंगडीवर बसला म्हंजी उटून हिकडं तिकडं फिरत न्हाई, चूल बगत न्हाई, दावं बगत न्हाई. चा पितो आन जातो. आपल्या मानसाला आमी काम सांगतो. पोरगी त्या दिशी मेंढीचे पाय धरून बसली तवाच आमची झाली. आई तिला मनापासून वरडती, आमाला वरडती तशीच.

त्यात परवा ती नारळ आन खन घेऊन आली. साडी नेसून भाईर उबी. आई घाबरली. म्हनली, "हिला काय झालं? परक्यावानी कामून करायलीय? आपलं काय चुकलं?" आन गुरुजी, आईनं घोंगडी अंथरली. पोरगी तिच्यावर बसून हुंदके दिऊन रडली, "मिळाली, मिळाली" म्हनून. आई बी रडली, पोरगी दुरावली म्हनून. मी मधी उबा. शेवटी आईनंच घोंगडी झटकून घडी घातली आन म्हनली, "ऊठ, वंगाळ दिसतंय. भाकरी कर." तवा तिला तसलं काय शिकवू नका, हात जोडतो.

मेंढरांचं असं हाय. आदीच्या संस्थेला आमी नकाशात सगळं खरं काढून दावलं. ह्ये चरायचं रान, ही मेंढरांची वाट. फुडल्या वर्षी बरुबर तितंच चर खंदले, रोपं लावली, तारंचं कुंपन घातलं. म्हनले, माळ मोकळा हाय. रोपं वाळून गेली, कुंपन ऱ्हायलं. तवाधरनं आमची मेंढरं नकाशावर चरत न्हाईत.

तुमी माझी लई याद काढलाव, खिडकीची. बा मजुरीला गेला की मेंढरं शाळंच्या भिंतीकडंला सोडून मी वर्गात बसायचो. एक डोळा तिकडं ठिवावा लागायचा, उद्धवरावाच्या ज्वारीत घुसायची. तुमी कदी बोललाव न्हाई, म्हनून चौथी झाली. न्हाईतर शाळा सुटली असती. तुमचे उपकार हायती.

कवितेचं बी सांगतो. मेंढरं काळी हायती त्ये पोरांला ठावं व्हतं. पर तुमी म्हनताना असं खुश व्हायचाव की कुनाला सांगवंना. आई म्हनायची, "गुरुजी परगावचे, घर सोडून आलेत, त्येंचं मन मोडू नका."

तुमाला मातर आमी कदीच काम सांगितलं न्हाई. तुमच्या मानात कदी कमी केलं न्हाई. यावं एकदा.

आपला विद्यार्थी
उमाजी

बसवकल्याण
२९ मार्च १९९८

ती. आबा,

महिना झाला, तुमचं पत्र नाही. काल पाडव्याला वाट बघितली. तब्येत बरी आहे ना? उमाजी अण्णांनी तुम्हाला पत्र टाकलं म्हणे. काय लिहिलं विचारलं तर नुसते मान खाजवतात.

टाकीचं ठरलं! खणाच्या प्रकरणानंतर (हसू नका) एक दिवस मिरच्या कांडताना अनसाबाई आपणहून म्हणाल्या, "तुझ्या सायबाला नाल्यापल्याड जागा चालंल का गं?" तिथं त्यांच्या सासऱ्यानं दाखवलेला ओलावा आहे, भर उन्हाळ्यात तिथलं गवत हिरवं असतं. मेंढरंही तिथंच बसतात. मी म्हटलं, चालेल. पण कारण काय सांगायचं? मेंढरांचं नाव काढलं तर पुन्हा कुणी कुंपण घेऊन यायचं. "त्ये माज्यावर सोड," म्हणाल्या.

अनिलकुमार सर आले. घोंगडी, चहा, रांगोळी. नकाशावर टाकी नाल्यापलीकडं. सर म्हणाले, "इतक्या आडरानात?" अनसाबाईंनी पदर सारखा केला. "सायेब, बायाला धुनं धुवाया आडोसा लागतो." सरांनी लिहून घेतलं. मग टाकीजवळ गुडघ्याएवढा लांबच लांब हौद काढलेला बघून ते अडखळले. "हा कशासाठी?" अनसाबाई म्हणाल्या, "बारकी लेकरं हायती, त्येंचा हात उच्च्या नळाला पुरत न्हाई." आबा, सर भारावले. गाडीत बसेपर्यंत 'बालस्नेही रचना' हा शब्द त्यांना सापडला होता. इतर गावांतही असाच हौद बांधायचं ठरवतायत. माझी नोकरी वर्षभर वाढली, कारण समाजाच्या खऱ्या गरजा मी ओळखल्या.

बोअरला भरपूर पाणी लागलं, टाकी आणि हौदही बांधून होत आलेत. मेंढरं मी कुठंच लिहिली नाहीत.

अनसाबाई रोज विचारतात, "गुरुजी कामून येईनात?"

रेणुका

सोलापूर
५ एप्रिल १९९८

चि. रेणुका,

तब्येत बरी आहे. लिहायला हात उचलत नव्हता.

बावीस वर्षं घोंगडीवर बसलो होतो, बाळे. बँकेचा माणूस बसला तसा, कुकरवाला बसला तसा. फरक एवढाच की ते उठून गेले, मी उठलो नाही. ती सगळी गोड, उघडी, काही न लपवणारी माणसं माझं मन राखत होती. मी त्यांना ओळखतो असं समजत राहिलो, आणि त्यांनी मला पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. कवितेची वही काढली होती, पुन्हा ठेवून दिली.

मी कोहिनूरला येतो आहे. पुढच्या आठवड्यात. शिवप्रसाद उन्हाचं कारण सांगतोय, त्याला मी जुमानत नाही. आणि आधीच सांगून ठेवतो, घोंगडीवर बसणार नाही.

आबा

सोलापूर
१९ एप्रिल १९९८

चि. रेणुका,

मी आलो नेमका त्याच दिवशी तू मीटिंगला बीदरला. म्हणून हे लिहावं लागतंय. नाहीतर उमाजी आपल्या पद्धतीनं सांगेल, आणि तो हल्ली फार खरं सांगतो.

स्टँडवरून चालत गेलो. वाटभर मनाशी घोकत होतो, घोंगडी पुढं आली की हात जोडायचे आणि मातीत बसायचं. लिंब तोच आहे, शाळेची खिडकीही तीच. अनसाबाई वाकलीय. मला बघून थबकली, पदर सारखा केला, आत गेली. बाहेर आली ती घोंगडी घेऊन.

मी झटकन मातीत बसलो.

"गुरुजी, खाली कामून? घोंगडी हाय की."

"मी घरचा आहे, अनसाबाई."

"व्हय व्हय. उटा, घोंगडीवर बसा."

हरलो. बसलो. चहाही आला, बशीसकट. एकट्या मलाच बशी.

उमाजी म्हणाला, "चला, टाकी दावतो," तर आई त्याच्यावर डाफरली, "गुरुजींला उन्हात कुठं नेतूस? हितनं दिसती की." दिसत होती खरी. नाल्यापलीकडं तुझ्या बालस्नेही हौदाला दोन्ही बाजूंनी मेंढरं लागली होती, माना खाली घालून. काळी, रेणुका. कोळशासारखी काळी, आणि ओल्या पाठी उन्हात चमकत होत्या. मला वाटतं, त्या खिडकीकडं पाठ करून मी बावीस वर्षं शिकवलं. उमाजीनं सवयीनं कविता सुरू केली. मी हात वर केला. "उमाजी, 'काळी' म्हण."

तो विचारात पडला. "यमक जाईल की, गुरुजी."

पाहुण्याशी बोलावं तसं पाऊसपाणी विचारून झालं. एस.टी.ची वेळ झाली म्हणून मी चपला चाचपत होतो, तेवढ्यात माळावरून वावटळ उठली. समोर बाजेवर धोतराच्या पानावर बाजरीच्या खारोड्या वाळत घातल्या होत्या, वर्षभराच्या. बायका धावल्या, उमाजी कोंबड्यांच्या डालग्यामागं धावला. मी चपला हातात धरून बघत होतो. आणि अनसाबाई ओरडली,

"गुरुजी, उटा की! बसून काय ऱ्हायलाव! घोंगडी टाका तिच्यावर! हिकडनं न्हाई वो, वाऱ्याकडनं!"

मी घोंगडी उचलली. एकाहत्तर वर्षांचा माणूस मी, घोंगडी पसरून धावलो आणि बाजेवर पालथी घातली. ती उडायला लागली. "बसा तिच्यावर! कडंला बसा! हलू नका!" मी बसलो. डोळ्यांत माती, तोंडात माती, धोतराचा सोगा कुठं ते ठाऊक नाही. म्हणजे बघ, शेवटी मी घोंगडीवरच बसलो होतो. पण या खेपेला वजन म्हणून.

वावटळ गेली. अनसाबाईनं घोंगडी उचलली, वाकून बघितलं आणि कमरेवर हात ठेवले.

"चार चेपल्या की वो, गुरुजी! कडंला बसा म्हनलं हुतं. ध्यान कुठं असतंय तुमचं?"

असं सगळ्यांपुढं! उमाजीनं भिऊन माझ्याकडं बघितलं. मी काय सांगू, रेणुका, त्या वस्तीवर मला आजवर कुणी रागावलं नव्हतं.

एस.टी. गेली. दुसरी येईपर्यंत मी कोंबड्या हाकल्या. दोनदा चुकलो, दोनदा बोलणी खाल्ली. चहा झालाय का, ते माझं मी जाऊन बघितलं.

निघताना तिनं चेपलेल्या खारोड्या कागदात बांधून हातात दिल्या. "ह्या तुमच्या. तुमीच मोडल्याव."

काल वच्छला आली होती. तिला दाखवल्या. दिल्या नाहीत.

आबा